काळ्या डोळ्यांचं पिल्लू: गोरेवाड्याच्या कडेला पक्ष्यांचा मलेरिया

तान्हा पोळा झाला त्या आठवड्यात नागपूरच्या काटोल रोडकडच्या एका लेआउटमधल्या काकूंनी सातभाईचं पिल्लू आमच्या उपचार केंद्रात आणलं. चपलांचं खोकं, खाली जुना दुपट्टा. कंपाउंडच्या भिंतीशी कावळे त्याला टोचत होते, थव्यातले बाकीचे सातभाई पेरूच्या झाडावरून कल्ला करत होते आणि हे मात्र जागचं हलत नव्हतं. घर लेआउटच्या शेवटच्या ओळीत आहे. मागे दोन मोकळे प्लॉट, त्यापलीकडे गोरेवाड्याच्या जंगलाचं कुंपण. ही जागा पुढे महत्त्वाची ठरते, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

अंगावर जखम नव्हती, पंख शाबूत होते. पण छातीचं हाड सुरीच्या पात्यासारखं वर आलेलं, म्हणजे बरेच दिवस पोटात धड काही गेलेलं नाही. चोच उघडून पाहिली तर आतून पांढुरकी. शीट हिरवट. पक्ष्यांच्या तांबड्या पेशी झपाट्याने फुटू लागल्या की बिलिव्हर्डिन नावाचं हिरवं रंगद्रव्य जास्त प्रमाणात बाहेर पडतं. माणसाचे डोळे पिवळे होतात त्या जागी पक्ष्याची शीट हिरवी होते. अर्थात नुसत्या उपासानेही शीट हिरवी होते, त्यामुळे एवढ्यावरून निदान करता येत नाही. मात्र पांढुरकं तोंड, हिरवी शीट आणि पावसाळ्याचे दिवस अशी सांगड असली की रक्त पाहायलाच हवं.

त्याआधी डोळे. मोठ्या सातभाईच्या बाहुलीभोवतीची कडी फिकट, मळक्या पांढऱ्या रंगाची असते, म्हणून तो कायम रागावल्यासारखा दिसतो. या पिल्लाची कडी गडद, जवळजवळ काळीच होती. शेपूट आखूड आणि चोचीच्या कोपऱ्यातली पिवळी कड अजून पुरती गेलेली नव्हती. म्हणजे जन्म याच पावसाळ्यातला, घरटं सोडून फार तर दोन-तीन आठवडे झालेले.

स्लाइडवर

पंखाखालच्या शिरेतून थेंबभर रक्त घेतलं. एवढ्या लहान पक्ष्यात वजनाच्या एक टक्क्याहून जास्त रक्त काढायचं नसतं, आणि आजारी असेल तर त्याहून कमी. पातळ थर देऊन, मिथेनॉलमध्ये पक्का करून गिम्सा नावाच्या रंगाने रंगवला आणि तेलाच्या भिंगाखाली घेतला.

पक्ष्यांची तांबडी पेशी माणसासारखी गोल, रिकाम्या मध्याची नसते. ती लांबट असते आणि तिच्या मधोमध केंद्रक असतं. परजीवी राहतो केंद्रक आणि पेशीची भिंत यांच्यामधल्या जागेत. या स्लाइडवर पुष्कळ पेशींत निळसर डाग होते आणि त्यांत हिमोझोइनचे काळपट-सोनेरी कण. हिमोग्लोबिन खाऊन परजीवी जे टाकतो ते हे कण. इथवर दोन नावं शक्य होती, प्लाझ्मोडियम किंवा हिमोप्रोटियस. दोघांचेही लिंगपेशी बनणारे टप्पे रक्तात दिसतात आणि दोघेही ते कण टाकतात. फरक वाढीच्या जागेत आहे. हिमोप्रोटियसची संख्या फुफ्फुस, यकृत, स्नायू अशा ऊतींमध्ये वाढते, रक्तात तो फक्त पुढच्या प्रवासाची वाट पाहत बसतो. प्लाझ्मोडियम मात्र रक्तपेशीतही विभागतो.

बरीच क्षेत्रं सरकवल्यावर अशी पेशी सापडली. केंद्रक एका कोपऱ्यात ढकललेलं, मध्ये कणांचा एकच गठ्ठा आणि त्याभोवती जांभळ्या ठिपक्यांची दाटी, म्हणजे विभागून झालेले नवे परजीवी. मग आणखी एक, मग तिसरी. हे प्लाझ्मोडियम होतं, म्हणजे पक्ष्यांचा मलेरिया. पीसीव्ही, म्हणजे रक्तातला पेशींचा वाटा, निरोगी पक्ष्यात साधारण ३५ ते ५५ टक्के असतो. या पिल्लाचा २५ च्या खाली होता.

काकू बाकावर बसून होत्या. त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "पाखराले मलेरिया होते, हे आजच ऐकलं जी डॉक्टर. मग आमाले नाही न लागणार?"

नाही लागणार. पक्ष्यांचे हे परजीवी माणसात तग धरत नाहीत. उलट माणसाच्या मलेरियाची उकल करायला पक्षीच कामी आले. १८९८ मध्ये कोलकात्यात रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या पोटापासून लाळग्रंथीपर्यंत परजीवीचा पूर्ण प्रवास दाखवला तो पक्ष्यांच्याच मलेरियात, क्युलेक्स डास वापरून. १९०२ चं नोबेल त्यांना मलेरियावरच्या याच कामासाठी मिळालं.

लागण कुठली?

वंश कळल्यावर काम निम्मं झालं, कारण वंशाबरोबर वाहकही कळतो. प्लाझ्मोडियम डास नेतात, मुख्यतः क्युलेक्स. हिमोप्रोटियस नेतात ती डोळ्याला जेमतेम दिसणारी क्युलिकॉइडिस नावाची चिलटं. त्याचा पारव्यांमधला प्रकार तर पिसांत सरपटणाऱ्या चपट्या माशीवरून जातो. तिसरा एक ल्युकोसायटोझून आहे. त्याला सिम्युलियम नावाची काळी माशी लागते आणि तिच्या अळ्या वाहत्या पाण्यातच वाढतात. म्हणून तो जास्त करून थंड डोंगराळ भागातल्या पक्ष्यांत दिसतो. मे महिन्यात जिथले नाले कोरडे पडतात त्या आपल्या पानझडी जंगलात तो शोधायला मी सहसा वेळ घालवत नाही.

आता ते काळे डोळे. मोठा पक्षी असता तर लागण कधीची नि कुठली, हे सांगणं अवघड होतं. रक्तातले परजीवी पक्ष्यात वर्षानुवर्षं दबून राहू शकतात. नवरंग असता तर श्रीलंका किंवा दक्षिण भारतातून परजीवी घेऊन आला का, हा प्रश्न उरलाच असता, कारण तो हिवाळा तिकडे काढतो आणि पावसाच्या तोंडावर विदर्भात घरटं करायला येतो. सातभाई असा कुठे जात नाही. थवा आपला टापू धरून राहतो, आणि या पिल्लाने तर तो टापूही पुरता पाहिला नसेल. लागण या शेवटच्या ओळीच्या आसपास, याच पावसाळ्यात झालेली. स्थानिक प्रसार चालू आहे याचा एवढा थेट पुरावा दुसरा कुठला मिळणार?

मूळ परजीवी कुठून आला, हा वेगळा प्रश्न. सातभाईच्या घरट्यात पावशा अंडी घालतो आणि पावसाबरोबर आफ्रिकेकडून येणारा चातकही घालतो. पाहुण्यांबरोबर परजीवी येऊ शकतात. प्लाझ्मोडियम रेलिक्टमसारखा परजीवी तर शंभराहून अधिक जातींच्या पक्ष्यांत सापडला आहे. तरी चातकाच्या माथी हे मारायची गरज नाही. थव्यातल्या मोठ्या पक्ष्यांत दबून बसलेली लागण पुरेशी आहे. विणीच्या काळात अंगावर ताण आला की ती रक्तात पुन्हा डोकं वर काढते, आणि नेमके तेच डासांचे दिवस.

तापमानाचा हिशेब

डासाने आजारी पक्ष्याचं रक्त प्यालं म्हणून लगेच तो लागण देऊ शकत नाही. परजीवीला डासाच्या पोटात वाढून लाळग्रंथीपर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि तो वेळ हवेच्या तापमानावर ठरतो. रेलिक्टमसाठी हवाई बेटांवर हे मोजलेलं आहे. सुमारे १३ अंशांखाली वाढ थांबते आणि त्यावर एकूण सुमारे ८६ अंश-दिवस लागतात. म्हणजे दिवसाचं सरासरी तापमान १७ असेल तर रोज चारच अंश जमा होतात आणि एकवीस-बावीस दिवस लागतात. बहुतेक डास माद्या इतक्या जगतच नाहीत. सरासरी २७ असेल तर रोज चौदा अंश, सहा-सात दिवसांत काम झालं.

नागपूरला हे लावून पाहू. ऑगस्टमध्ये दिवसाचं कमाल तीस-एकतीस, रात्रीचं किमान चोवीसच्या आसपास, म्हणजे सरासरी सत्तावीस. परजीवीला याहून सोयीची हवा नाही. डिसेंबरमध्ये दिवसा अठ्ठावीस, पहाटे बारा-तेरा, सरासरी वीस. वाढ मंदावते, बारा दिवस लागतात, पण थांबत नाही. आपला हिवाळा या रोगाला ब्रेक लावत नाही.

ब्रेक लावतो तो उन्हाळा. वरचं गणित साधारण तिशीपर्यंतच चालतं, त्यापुढे परजीवीलाच उष्णता सोसत नाही. नागपूरचा मे म्हणजे बेचाळीस-त्रेचाळीसची कमाल ही नेहमीची गोष्ट. २३ मे २०१३ ला पारा ४७.९ वर गेला होता. (मे २०२४ मध्ये ५६ अंशांची बातमी देशभर फिरली. तो सेन्सरचा दोष होता, हे हवामान खात्याने नंतर सांगितलं. पण डासाला मारायला खरे आकडेही पुरेत.) नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दुपारची हवा इतकी कोरडी असते की उघड्यावरचा डास फार काळ टिकत नाही. सागवानाला पान नाही, ओढ्यात पाणी नाही, झाडांच्या ढोल्या सुकलेल्या. जंगलाच्या आत प्रसाराची साखळी मे महिन्यात तुटायला हवी आणि पावसाळ्यात नव्याने, उशिरा सुरू व्हायला हवी.

हवाईची गोष्ट या विषयात सगळीकडे सांगितली जाते, पण ती इथे जशीच्या तशी लावणं मला पटत नाही. तिथे १८२६ च्या सुमारास जहाजातून क्युलेक्स पोचला, पुढे मलेरिया आला आणि हनीक्रीपर पक्षी खालच्या जंगलांतून पुसले गेले. उरले ते साधारण १,५०० मीटरच्या वरच्या गारव्यात, आणि आता तापमानवाढीने डास तिथेही चढतो आहे. त्या पक्ष्यांनी हा रोग कधी पाहिलाच नव्हता. आपल्या सातभाईंची त्याच्याशी जुनी ओळख आहे. शिवाय तिथे गारवा ही तटबंदी होती, इथे कोरडा उन्हाळा आहे. त्यामुळे नागपुरात विचारायचा प्रश्न हवा किती तापली हा नाही. मे महिन्यात साचलेलं पाणी आणि ओली सावली कुठे उरते, हा आहे.

कूलर, आणि मग नाली

काकूंच्या मुलाने तर्क आधीच करून ठेवला होता. "कूलरच असंन डॉक्टर. जूनमध्ये बंद केला, पण टाकं रिकामं करायचं राहूनच गेलं."

नागपूरकराला कूलर आठवणं साहजिकच. घरी जाऊन पाहिलं तर खिडकीबाहेरच्या टाकीत पावसाचं पाणी भरलेलं, वूडवूलच्या ताट्या काळ्या पडलेल्या आणि पाण्यात अळ्या भरपूर. ड्रॉपरने काही पांढऱ्या वाटीत घेतल्या. अळी श्वास घेते शेपटीकडच्या नळीतून. या अळ्यांची नळी आखूड, जाडसर होती आणि धक्का लागताच त्या वेटोळे घेत तळाकडे पळत होत्या. पाण्याच्या रेषेवर टाकीच्या पत्र्याला काळे सुटे ठिपके चिकटलेले, ती अंडी. हा एडिस, डेंग्यूचा डास. प्रयोगशाळेत कोंबड्यांचा मलेरिया एडिसमध्ये पोसता येतो हे खरं, पण रानात तो माणसाला सोडून सातभाईच्या मागे लागेल, असं मानायला जागा नाही. टाकी तिथल्या तिथे उपडी करून घासून घेतली, ती घरातल्या माणसांसाठी.

खरी जागा मागच्या प्लॉटवर होती. लेआउटची नाली तिथे येऊन संपते, पुढे उतारच नाही. घरांचं सांडपाणी पसरून गुडघाभर डबकं झालेलं, कडेने बेशरमीची झुडपं माजलेली. पाण्यावर काजळीच्या कणांएवढे, दोन्ही टोकांना किंचित उचललेले तराफे तरंगत होते. क्युलेक्सची मादी अंडी अशी एकमेकांना चिकटवून घालते. अळ्यांची नळी लांब, बारीक, आणि त्या पृष्ठभागाला तिरप्या लटकलेल्या. क्युलेक्स क्विंक्वेफॅसिएटस, हवाईत पोचलेला डास तोच.

डबक्यापासून थव्याचं रात्रीच्या बसण्याचं झाड हाकेच्या अंतरावर. सातभाई फांदीवर एकमेकांना खेटून ओळीने झोपतात आणि क्युलेक्स रात्रीच चावतो. पिल्लाचे दिवस मागे मोजले तर तेही जुळतं. सप्टेंबरच्या सुरुवातीला रक्तात जोरात वाढलेली लागण म्हणजे चावा साधारण ऑगस्टच्या उत्तरार्धातला, डासाने परजीवी घेतला त्याआधी आठवडाभर, आणि त्या डासाचं अंडं त्याच्याही आठ-दहा दिवस आधीचं. तेव्हा पावसाने उघडीप दिली होती. यात एक गंमत आहे. मुसळधार पाऊस नालीतल्या अळ्या धुऊन नेतो. खंड पडला की तेच पाणी साचतं, नासतं आणि क्युलेक्सला हवं तसं होतं. म्हणून "यंदा पाऊस जास्त, म्हणजे डास जास्त" हा हिशेब क्युलेक्सच्या बाबतीत सरळ लागत नाही. पाऊस किती, यापेक्षा तो कसा पडला हे पाहावं लागतं.

आणि ही नाली मे महिन्यातही वाहते. काकूच म्हणाल्या, "उन्हाळ्यात तर कूलरचंबी पाणी तिथंच जाते." बागेला रोज पाणी, घरांच्या मागे कूलरची ओल, बेशरमीची सावली, म्हणजे प्रौढ डासाला दुपार काढायला जागा. जंगलात उन्हाळा जी साखळी तोडतो ती या ओळीत तुटत नाही. पहिल्या पावसाला इथले डास शून्यापासून सुरुवात करत नाहीत. मार्च-एप्रिलचा अवकाळी पाऊसही त्यांना हातभार लावतो.

कुंपणाच्या आतल्या पक्ष्यांच्या रक्तात काय असेल, हे एका पिल्लावरून सांगायचं नाही. पण वाहकांच्या गरजा पाहता तिथे चित्र वेगळं असायला हवं. पाणवठ्याच्या कडेचा चिखल, शेण, कुजका पाला ही चिलटांची जागा, म्हणजे हिमोप्रोटियसला बरी. घरांच्या बाजूला सांडपाणी, म्हणजे प्लाझ्मोडियमला बरी. जंगल तुटलं की परजीवी वाढतात, असं एक वाक्य ठोकून देता येत नाही. जगभरच्या निरीक्षणांत कुठे वाढ दिसते, कुठे घट, आणि एकाच ठिकाणी एक वंश वाढलेला तर दुसरा घटलेला. विचारायचं ते हे, की जंगल तुटून तिथे कोणतं पाणी आलं.

उपचार आणि सोडण्याचा निर्णय

पिल्लाला ऊब, अंधारी शांत जागा, द्रव आणि थोडं थोडं खाणं दिलं: नाकतोडे, उकडलेल्या अंड्याचा बलक. रक्त इतकं कमी असताना पक्ष्याला वारंवार हाताळलं तर तो हातातच जातो, म्हणून तपासण्या आवरत्या घेतल्या. औषध म्हणून क्लोरोक्विन आणि प्रायमाक्विनची जोडी वापरली. प्राणिसंग्रहालयांत पेंग्विनना याच रोगासाठी ती देतात. पेंग्विनांचा मूळ मुलखात डासांशी फारसा संबंध आलेला नसतो, त्यामुळे ते पटकन दगावतात. मात्रा इथे मुद्दाम देत नाही. क्लोरोक्विनची उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडं आहे, आणि घरातली गोळी कुटून पाजलेले पक्षी मी पाहिलेले आहेत. असा पक्षी सापडला तर खोक्यात ठेवून वनविभागाच्या उपचार केंद्रात पोचवावा. घरी बाळगणं कायद्यातही बसत नाही.

पिल्लू उभारी धरून उडायला लागलं. पुन्हा पाहिलेल्या स्लाइडवर परजीवी तुरळक होते, पण होते. ते बहुधा जन्मभर राहतील. इथेच मतभेद झाला. मदतीला येणाऱ्या मुलांचं म्हणणं, "सर, त्या घाणीत परत कशाला? पेंचला नाहीतर करांडल्याला सोडू." भावना चांगली, पण दोन कारणांनी नकार दिला. सातभाई थव्याशिवाय जगत नाही, आणि परका थवा एकट्या पिल्लाला सहज घेत नाही. दुसरं, नालीच्या काठी वाढलेला परजीवी आपणच पिंजऱ्यातून साठ-सत्तर किलोमीटर लांबच्या जंगलात नेऊन सोडणार. त्याच्या स्वतःच्या थव्यात तो आधीपासूनच आहे, तिथे काही नवं जात नाही. पिल्लू काकूंच्या मागच्या प्लॉटवरच सोडलं.

त्याआधी लेआउटच्या लोकांनी वर्गणी काढून चर खोदला आणि डबकं रस्त्याकडच्या मोठ्या नालीला जोडलं. कुणी गप्पी मासे सोडायचं सुचवलं. बंदिस्त टाक्यात ते ठीक आहेत, पण इथलं पावसाचं पाणी उतरतं गोरेवाडा तलावाच्या बाजूला, आणि बाहेरचा मासा तलावात घालायचा नाही, म्हणून तो बेत सोडून दिला.

काकूंना शेवटी वेगळीच चिंता होती. उन्हाळ्यात त्या भिंतीवर पाखरांसाठी मातीची भांडी भरून ठेवतात, आता ती ठेवायची की नाही? ठेवायचीच. मे महिन्यात त्या पाण्यावाचून पक्षी मरतात. अंड्यापासून उडता डास व्हायला उकाड्यातही आठवडा लागतो. म्हणून दर तीन दिवसांनी भांडं नालीत न ओतता झाडाच्या आळ्यात ओतायचं, आतून काथ्याने घासायचं म्हणजे चिकटलेली अंडी निघतात, तासभर उन्हात पालथं ठेवायचं आणि परत भरायचं.